छत्तीस कोऱ्या चौकटी

नातवाच्या बेसबॉलच्या मॅचला गेले होते तेव्हाची गोष्ट. अमेरिकेत मिलवॉकीला लागून वॉवटोसा आहे, लेक-जावई तिथे राहतात. मे महिना असूनही अंगात स्वेटर, मांडीवर शाल, आणि समोर दहा-अकरा वर्षांची पोरं हेल्मेट सांभाळत धावतायत. माझ्या शेजारच्या बाकावर ऐंशीच्या पुढच्या एक बाई मांडीवर वही घेऊन बसल्या होत्या. वहीत चौकोनांच्या रांगा, प्रत्येक चौकोनात पत्त्यांतल्या चौकटसारखी एक आकृती छापलेली. हातात टोकदार पेन्सिल, कानामागे दुसरी. मी सरकून त्यांच्या जवळ जाऊन बसले. त्यांना वाटलं असेल की थंडी वाजतेय म्हणून. खरं तर त्या वहीनं मला ओढलं होतं. चौथ्या इनिंगमध्ये नातवानं जमिनीलगत चेंडू मारला. शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या, जागी उभ्या असलेल्या मुलाच्या हातमोज्यात तो गेला आणि निसटून बाहेर पडला. नातू पहिल्या बेसवर पोचला, दोन्ही हात वर. बाईंनी चौकोनात पेन्सिल टेकवली आणि बारीक अक्षरात लिहिलं, ‘ई ६’. मॅच संपल्यावर नातू धावत आला, वहीत डोकावला. “मी हिट मारला ना?” बाईंनी मान हलवली. “नाही, एरर होती. चेंडू त्यानं अडवायला हवा होता.” त्यांच्या आवाजात कठोरपणा नव्हता, माया होती. पण उत्तर बदललं नाही. घरी येईपर्यंत नातू गाडीच्या काचेला कपाळ टेकवून बसला होता.

मला रात्रभर ते ‘ई ६’ दिसत राहिलं.

दुसऱ्या दिवशी बाईंना अंगणात गाठलं. दोन घरं सोडून राहतात त्या. मी म्हटलं, एवढ्याशा मुलांच्या मॅचमध्ये इतकं काटेकोर कशाला? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग आत जाऊन एक कोरा तक्ता घेऊन आल्या. त्याच्या कोपऱ्यात त्यांनी एक तारीख लिहिली, २६ मे १९५९, आणि खाली ‘काउंटी स्टेडियम’. “ही मॅच शोध आणि या तक्त्यावर स्वतःच्या हातानं भर. मग आपण बोलू.”

शोधायला अजिबात वेळ लागला नाही. अमेरिकेत रेट्रोशीट नावाची एक संस्था आहे. डेव्हिड स्मिथ नावाच्या जीवशास्त्राच्या प्राध्यापकानं १९८९ मध्ये ती सुरू केली. संघांच्या कपाटांत, पत्रकारांच्या माळ्यांवर, चाहत्यांच्या ट्रंकांमध्ये पडलेल्या जुन्या स्कोअरशीट गोळा करून स्वयंसेवकांनी त्या एकेक खेळीसकट उतरवून काढल्या. कोण कधी कुठे चेंडू मारून बाद झाला, सगळं. पैसे न घेता. हे वाचलं आणि मला माझ्या वडिलांची, अण्णांची आठवण झाली, पण त्यांच्याकडे नंतर येते. त्या रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर तक्ता पसरला, नातवाच्या कंपासपेटीतली पेन्सिल घेतली आणि पासष्ट वर्षांपूर्वीची मॅच लिहायला बसले.

खुणा आधी शिकून घेतल्या. प्रत्येक खेळाडूला त्याच्या जागेचा आकडा असतो. पिचर १, कॅचर २, पहिल्या बेसवरचा ३, दुसऱ्यावरचा ४, तिसऱ्यावरचा ५, शॉर्टस्टॉप ६, आणि मग डावीकडून उजवीकडे बाहेरचे तिघं ७, ८, ९. शॉर्टस्टॉपनं चेंडू अडवून पहिल्या बेसवर फेकला आणि बॅटर बाद झाला की ‘६-३’. तीन स्ट्राइकवर बाद झाला की ‘के’. बॅटर एखाद्या बेसवर पोचला की आतल्या चौकटीची एक बाजू गिरवायची, आणि तो चारही बेस फिरून घरी आला, म्हणजे धाव झाली, की अख्खी चौकट भरून काळी करायची. ही पद्धत ज्यानं घडवली त्या हेन्री चॅडविकचा जन्म १८२४ सालचा, इंग्लंडमधल्या एक्सेटरचा. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांसाठी तो आधी क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. बेसबॉलचा बॉक्स स्कोअर आपल्या क्रिकेटच्या धावफलकाच्या पोटी जन्मलेला आहे, हे कळल्यावर तो परका तक्ता मला एकदम माहेरचा वाटायला लागला.

पिट्सबर्ग पायरेट्स पाहुणे, मिलवॉकी ब्रेव्ह्ज यजमान. मंगळवारची रात्र, प्रेक्षक १९,१९४. पायरेट्सचा पिचर हार्वी हॅडिक्स, डावखुरा, बुटका, तेहतीस वर्षांचा, त्या दिवशी सर्दी-तापानं बेजार. समोर १९५७ आणि १९५८ अशी लागोपाठ दोन वर्षं नॅशनल लीग जिंकलेला संघ, त्यात एडी मॅथ्यूज आणि हँक ॲरन. मी मिलवॉकीची बाजू लिहायला घेतली. पहिली इनिंग, तीन बॅटर, तीन बाद. दुसरी, तीन बाद. तिसरी, तेच. पाचव्या-सहाव्या इनिंगपर्यंत माझं लक्ष अक्षर नीट काढण्याकडे होतं. मग हळूहळू जाणवलं की चौकोनांत आकडे आहेत, अधूनमधून ‘के’ आहे, पण आतल्या चौकटींना पेन्सिल लागतच नाहीये. एकही माणूस पहिल्या बेसपर्यंत गेलेला नाही. नऊ इनिंग संपल्या, सत्तावीस आले, सत्तावीस गेले. इथं मॅच संपली असती तर तो ‘परफेक्ट गेम’ झाला असता, पिचरच्या आयुष्यात क्वचितच येणारा. पण पायरेट्सची धावही शून्यच होती, म्हणून खेळ पुढे चालू. दहावी, अकरावी, बारावी. मी पेन्सिल दोनदा टोकवली. बारा इनिंग, छत्तीस बॅटर, छत्तीस चौकटी, सगळ्या कोऱ्या. इतकं लांब आधी कुणी गेलं नव्हतं, नंतरही कुणी गेलेलं नाही.

आणि दुसरी बाजू बघावी तर पिट्सबर्गच्या तक्त्यात हिट पडतायत. मिलवॉकीचा पिचर लू बर्डेट, त्यानं पूर्ण तेरा इनिंग टाकल्या आणि बारा हिट दिले. तिसऱ्या इनिंगमध्ये तर तीन सिंगल, म्हणजे एकेका बेसपुरते हिट, पडले. तरी धाव नाही, कारण त्यातला एकजण पहिल्यावरून थेट तिसरा बेस गाठायला गेला आणि बाद झाला. बारा हिट वेगवेगळ्या इनिंगमध्ये विखुरले गेले, जुळून आले नाहीत. संसारात दिसतं ना असं, पैसा येतो, माणसं येतात, संधी येते, पण सगळं एकाच महिन्यात कधी येत नाही.

तेराव्या इनिंगच्या पहिल्याच चौकोनात माझा हात थांबला.

‘ई ५’.

फेलिक्स मँटिया, उशिरा बदली म्हणून आलेला खेळाडू. त्यानं तिसऱ्या बेसच्या दिशेनं साधा चेंडू मारला. तिसऱ्या बेसवरच्या डॉन होकनं तो व्यवस्थित उचलला आणि पहिल्या बेसवर फेकला, पण फेक खाली गेली. मँटिया सुरक्षित. सदतिसाव्या चौकटीची पहिली बाजू गिरवताना मला खरंच वाईट वाटलं. पुढे मॅथ्यूजनं बंट करून, म्हणजे चेंडूला बॅट नुसती टेकवून, स्वतः बाद होत मँटियाला दुसऱ्या बेसवर ढकललं. हॅडिक्सनं ॲरनला मुद्दाम वॉक दिला, म्हणजे चार चेंडू बाहेर टाकून पहिला बेस फुकट देऊन टाकला. मग आला जो ॲडकॉक आणि त्यानं चेंडू उजव्या बाजूच्या मधल्या कुंपणापलीकडे टाकला. होम रन, तीन धावा, मॅच संपली, असंच सगळ्यांना वाटलं. पण ॲरनला चेंडू बाहेर गेल्याचं दिसलंच नाही. मँटिया घरी पोचला म्हणजे मॅच जिंकली असं समजून तो वाटेतूनच मैदान कापत बाकाकडे वळला, आणि मागून येणारा ॲडकॉक त्याला ओलांडून पुढे गेला. नियमाप्रमाणे ॲडकॉक बाद. दुसऱ्या दिवशी लीगचे अध्यक्ष वॉरन जाइल्स यांनी निर्णय दिला की होम रन नाही, डबल, म्हणजे दोन बेसचा हिट, आणि धावसंख्या १-०. म्हणून हॅडिक्सच्या नावापुढे आजही लिहिलेलं आहे: १२ २/३ इनिंग, १ हिट, १ धाव, पण ती एररमुळे आलेली म्हणून स्वतःच्या हिशेबाची धाव ०, वॉक १, ‘के’ ८, पराभव. ते दोन-तृतीयांश बघा. तेराव्या इनिंगमधले दोन बाद, एक मॅथ्यूजनं संघासाठी आपणहून दिलेला आणि दुसरा ॲडकॉकचा, जो झाला तेव्हा प्रेक्षकांतल्या फार थोड्यांच्या ध्यानात आला असेल. तक्त्याच्या ध्यानात आहे.

खालच्या ओळीत बेरीज केली. पिट्सबर्ग, धावा ०, हिट १२, एरर १. मिलवॉकी, धावा १, हिट १, एरर ०. पेन्सिल ठेवली तेव्हा बाहेर उजाडायला लागलं होतं आणि जावई कॉफी करायला उठला होता. “आई, तुम्ही झोपलाच नाहीत?” मी त्याला तक्ता दाखवला. त्यानं सौजन्यानं पाहिला. त्याला काही दिसलं नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. धावफलक वाचायला कुणीतरी लहानपणी शेजारी बसवून घ्यावं लागतं.

मला अण्णांनी बसवून घेतलं होतं. अण्णा आमच्या घरात क्रिकेट न खेळलेले एकमेव पुरुष. दृष्टी कमजोर, जाड भिंगाचा चष्मा. पण त्यांच्या ऑफिसच्या टीमचे स्कोअरर म्हणून वीस वर्षं त्यांनी आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल पालथं घातलं. मी नऊ-दहा वर्षांची असल्यापासून रविवारी त्यांच्याबरोबर जायचे. तंबूचा उग्र वास, खाली ओली माती, लोखंडी टेबल, त्यावर लांबट स्कोअरबुक. दोन टीमचे दोन स्कोअरर शेजारी शेजारी बसणार आणि ओव्हर संपली की पुटपुटत एकमेकांचे आकडे ताडून घेणार. धाव नसलेल्या चेंडूला टिंब. ओव्हरमध्ये सहाही टिंबं पडली की अण्णा ती जोडून इंग्रजी ‘एम’ काढायचे, मेडन. त्यात विकेट असली की तोच ‘एम’ उलटा होऊन ‘डब्ल्यू’. त्या सहा टिंबांना रेघ मारायचं काम कधीकधी माझ्याकडे यायचं आणि मला वाटायचं मीच मेडन टाकली. पावसाळ्यात कांगा लीगच्या मॅच असल्या की अण्णांच्या पिशवीत टिपकागद, प्लॅस्टिकचा कागद आणि जास्तीचा रुमाल असायचा. पंचांनी खूण केली की अण्णा बसल्या जागेवरून हात वर करायचे, दिसलं, लिहिलं. पंच तोवर थांबायचे. इतका मोठा खेळ माझ्या वडिलांच्या हाताची वाट पाहत थांबतो याचा मला कोण अभिमान होता.

एका मॅचमध्ये त्यांच्याच ऑफिसमधले एक गृहस्थ ४९ वर बाद झाले. मी त्यांना काका म्हणायचे, त्यांच्या घरी आमचं जाणं-येणं होतं. टाइप करणारा हात, पण कव्हर ड्राइव्ह असा की मैदानाबाहेरचे भेळवाले थांबायचे. बाद झाल्यावर पॅड न सोडताच ते टेबलाशी आले. “ती एक लेगबाय धरली आहेत ना, ती बॅटला लागली होती हो. कड लागली होती. माझा रन आहे तो.” अण्णांनी वर पाहिलं. “पंचांनी गुडघ्यावर हात ठेवला. मी लेगबाय लिहिली.” “पण तुम्ही स्वतः ऐकलं असेल!” अण्णा काही बोलले नाहीत. काका थोडा वेळ उभे राहिले आणि निघून गेले. ऑफिसच्या क्रिकेटमध्ये पन्नासला किंमत असते. वर्तमानपत्रात बारीक टायपात नाव येतं, पुढची निवड त्यावर होते. त्या संध्याकाळी चर्चगेटहून गाडीत बसलो. खिडकीची जागा मला देऊन अण्णा समोर बसले होते. बांद्रा गेल्यावर ते एकाएकी म्हणाले, “बाळ, मलाही आवाज आला होता. लाकडाचाच होता.”

मग लिहिलं का नाहीत, हे मी विचारलं नाही.

पुढे किती वर्षं ते वाक्य मी मनात उलटसुलट केलं. कधी वाटायचं, अण्णा बरोबर. स्कोअरर स्वतःच्या कानांवर वही चालवायला लागला तर शेजारचा स्कोअररही चालवेल, आणि मग ओव्हरनंतर कुणाशी काय ताडून बघायचं? कधी वाटायचं, एका माणसाचा हक्काचा रन होता आणि माझ्या वडिलांना ते माहीत होतं. काकांचं आमच्या घरी येणं कमी झालं, मग थांबलं. अण्णा गेले तेव्हा मात्र आले. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले, चहा घेतला, हार घातलेल्या फोटोकडे बघत राहिले. त्यांना सांगावं असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, की काका, त्यांनीही ऐकलं होतं. आजूबाजूला माणसं होती. ते उठले, आईला नमस्कार केला आणि गेले. तेव्हा सांगायला हवं होतं. आता सांगायला ते नाहीत.

अण्णा ज्या धावफलकाबद्दल कधीही, कुठेही बोलायला तयार असायचे तो डिसेंबर १९४८ चा, पुण्याचा. महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ च्या तेव्हाच्या जागतिक विक्रमाला अवघ्या नऊ धावा कमी. महाराष्ट्र ४ बाद ८२६, आणि काठियावाडच्या कप्तानानं पुढे खेळायलाच नकार देऊन मॅच सोडली. कोल्हापूरच्या या माणसाला एकही अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नाही. अण्णा ४४३ लिहून त्यापुढची चांदणी गोल गोल गिरवायचे. “चांदणी म्हणजे नाबाद. म्हणजे याला कुणी थांबवलेलं नाही, खेळ थांबला.” खेळ का थांबला याचा रकाना तक्त्यात नसतो. पण चांदणी असते, आणि वाचणारा थांबून विचारतो, मग हा पुढे का नाही खेळला? अण्णांच्या लेखी एवढं पुरेसं होतं.

हॅडिक्सच्या तक्त्यात तर विचारायला किती तरी आहे. बॉब बूल नावाच्या ब्रेव्ह्जच्याच पिचरनं पुष्कळ वर्षांनी सांगितलं की त्या रात्री कॅचरच्या खुणा बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचर सराव करतात त्या जागेवरून, चोरून पाहून टॉवेलच्या इशाऱ्यांनी बॅटर्सना कळवल्या जात होत्या. पुढचा चेंडू कुठला येणार हे कळवलं जात असूनही छत्तीस जणांना पहिला बेस गाठता आला नाही. याचाही रकाना नाही. १९९१ मध्ये बेसबॉलच्या समितीनं ‘नो-हिटर’ची व्याख्या नव्यानं लिहिली. नऊ किंवा अधिक इनिंगची मॅच, आणि ती संपेपर्यंत एकही हिट नाही, तरच नोंद. त्या एका बैठकीत सुमारे पन्नास मॅच यादीतून खाली आल्या, त्यात हॅडिक्सचीही. तेव्हा तो हयात होता. मी काय केलं ते मला ठाऊक आहे, एवढंच तो म्हणाला. हे वाचून मी आधी चिडले. मग माझ्या तक्त्याकडे पाहिलं. समितीनं यादी बदलली होती, तक्त्यातली एक रेघही बदलली नव्हती. छत्तीस चौकटी होत्या तशाच कोऱ्या.

आणि त्या मॅचनंतरचं वर्ष तर विलक्षणच. १९६० च्या वर्ल्ड सीरिजची, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेची, सातवी, शेवटची मॅच, पिट्सबर्ग विरुद्ध यँकीज. नवव्या इनिंगमध्ये पायरेट्स दोन धावांनी पुढे असताना हॅडिक्सला आणलं. तो चेंडू टाकत असतानाच यँकीजनं बरोबरी साधली. त्याच इनिंगच्या उत्तरार्धात बिल मॅझेरॉस्कीनं होम रन मारून मॅच आणि सीरिज दोन्ही जिंकून दिली, १०-९. त्या क्षणी संघाचा पिचर हॅडिक्स, म्हणून विजय त्याच्या नावे. बारा निर्दोष इनिंगबद्दल ‘एल’, म्हणजे पराभव, हातातली आघाडी गेली त्या एका इनिंगबद्दल ‘डब्ल्यू’, म्हणजे विजय. दोन्ही अक्षरं नियमाप्रमाणे बिनचूक आहेत. मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून कितीतरी वेळ बसले आणि काकांचा ४९ आठवत राहिला.

बाईंना भरलेला तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा वर करून एकेक चौकोन तपासला, एका ठिकाणी ‘६-३’चं ‘४-३’ केलं, आणि तेराव्या इनिंगवर बोट ठेवलं. “इथं कुणाचं नाव वाचलंस?” मी म्हटलं, मँटियाचं, त्याच्याच रांगेत आहे. “आणि ५ म्हणजे कोण?” तेव्हा लख्ख कळलं. ‘ई ५’ लिहिलं जातं बॅटरच्या चौकोनात, पण असतं ते होकचं. छत्तीस जणांना बाद करण्यात त्याचाही हात होता. नातवाच्या ‘ई ६’मध्येही मी फक्त नातवाचा गेलेला हिट पाहिला होता. तो दुसरा मुलगा, चेंडू निसटल्यावर हातमोज्याकडे बघत उभा राहिलेला, माझ्या डोळ्यांसमोर होता तरी मी त्याला पाहिलंच नव्हतं.

जूनमध्ये नातवाच्या टीमची एक मॅच हेलफेअर फील्डवर झाली. मिलवॉकीच्या मोठ्या स्टेडियमच्या आवारातलं मुलांचं छोटं मैदान. काउंटी स्टेडियम पाडलं तेव्हा त्याच जागी ते केलं. ब्रेव्ह्ज तर १९६६ मध्येच अटलांटाला गेले. आता तिथं हिरवंगार गवत, चहूबाजूंना गाड्या लावायची जागा, भाजलेल्या सॉसेजचा वास. बाईंची पाठ धरली होती म्हणून वही माझ्याकडे आली. त्यांनी दोन पेन्सिली दिल्या, एक कानामागे ठेवायला. त्या दिवशी नातू शॉर्टस्टॉपला होता. पाचव्या इनिंगमध्ये चेंडू सरळ त्याच्याकडे आला. सोपा होता. त्यानं वाकून हातमोजा लावला आणि चेंडू दोन पायांमधून मागे गेला. त्यानं मान वळवून चेंडूकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. नियमात शब्द आहेत, साधारण प्रयत्नांनी अडवता आला असता का? आला असता. मी पेन्सिल टेकवली. हात जरा थरथरला, त्यामुळे ६ चं पोट मोठं झालं.

परतताना गाडीत तो बराच वेळ बोलला नाही. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाला, “आजी, लिहिलंस?”

“लिहिलं.”

“दाखव.”

मी वही मागे दिली. त्यानं पानं उलटली, रांग शोधली, चौकोन सापडला. “हा त्यांच्या बॅटरच्या डब्यात आहे,” तो म्हणाला, आणि अंगठा ६ वर ठेवला. “पण हा मी आहे ना?”

“हो.”

सिग्नल सुटला. घर येईपर्यंत वही त्याच्या मांडीवर उघडी होती, आणि तो पहिल्या इनिंगपासून एकेक चौकोन वाचत होता.